झाडावरचे बिऱ्हाड

मराठीत माणसाला हिणवण्यासाठी शब्दांची वाण नाही. 'ऐतखाऊ' म्हटले तर त्यात राग असतो, 'फुकट्या' म्हटले तर थोडी थट्टा असते. 'बांडगूळ' म्हणणारा मात्र रागावलेला नसतो आणि थट्टाही करीत नसतो. तो निवाडा देत असतो. हा दुसऱ्याच्या अंगावर वाढला, दुसऱ्याच्या रसावर पोसला, याला काढून टाकले तर मूळ झाडाचे कल्याणच होईल, असा तो निवाडा. या एका शब्दाच्या पोटात कोयता लपलेला आहे.

हा शब्द पुन्हा तपासून पाहावा असे मला वाटले ते एका फुलामुळे. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणाऱ्यांनी मे अखेरीस किंवा पहिल्या पावसात मान वर करून पाहिले असेल, तर त्यांना ते ठाऊक असेल. जुनाट आंब्याच्या किंवा किंदळाच्या आडव्या फांदीवरून वीतभर, कधी हातभर लांबीचे घोस खाली लोंबत असतात. एकेका घोसात शंभराच्या घरात लहान लहान फुले, पांढऱ्यावर जांभळट गुलाबी ठिपके, आणि दाटी अशी की कुणी सावकाश बसून गजरा विणला आणि वर नेऊन टांगला असे वाटावे. आपल्याकडे कुणी याला सीतेची वेणी म्हणतात, कुणी द्रौपदीची. (दुसऱ्याही एकदोन जातींना हीच नावे चालतात. वनवास भोगलेल्या दोघींपैकी वेणी नेमकी कुणाची, हे झाडाला विचारून उपयोग नाही.) इंग्रजांना त्यात कोल्ह्याचे शेपूट दिसले, ज्याची त्याची नजर. आसामात हेच कपौ फूल. बोहाग बिहूला नाचणाऱ्या मुली ते अंबाड्यात माळतात, आणि आसाम व अरुणाचल या दोन्ही राज्यांनी त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. शास्त्रीय नाव ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा. भारत, श्रीलंकेपासून फिलिपाईन्सपर्यंतच्या उष्ण प्रदेशात झाडांवर राहणारे हे ऑर्किड.

खानापूर तालुक्यातल्या एका परिचितांच्या परसात असा एक फुललेला आंबा आहे. मी कौतुकाने पाहत उभा राहिलो तेव्हा ते म्हणाले, "बांडगूळ आहे ते, सर. आंबा पिऊन टाकलाय त्यानं. पावसाआधी माणूस चढवून उतरवायचंय." आंब्याला त्या वर्षी फळ कमी धरले होते, हे खरे. त्याच आंब्याच्या शेंड्याकडे नारिंगी नळीदार फुलांचे खरे बांडगूळही माजले होते, हेही खरे. पण माणूस चढणार होता तो हाताशी येणाऱ्या फांदीवरचे उतरवायला.

दोघांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. बांडगुळाचे चिकट बी फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी फांदीला पुसून टाकतो. ते रुजले की त्याचे शोषक मूळ सालीतून आत शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जाऊन भिडते. पाने त्याला स्वतःची असतात, अन्न ते स्वतः शिजवते, पण पाणी आणि क्षार मात्र यजमानाचे. फांदी मेली की बांडगूळही मरते. ऑर्किडचे मूळ सालीच्या आत जातच नाही. ते सालीला वरवर धरून ठेवते, जसा आपण बसमध्ये दांडा धरतो. त्याच्या जाड मुळांवर मेलेल्या पेशींचे पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस खोडावरून ओघळू लागला की हे आवरण पाणी टिपून घेते, आणि घडीभरात आतला हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. सालीच्या भेगांत साचलेली धूळ, कुजलेली पाने, पाखरांची विष्ठा यांतून धुऊन आलेले क्षार हेच त्याचे खत. पावसाळा सरला की पुढचे सातआठ महिने जाड, पन्हळीसारख्या पानांत साठवलेल्या पाण्यावर काढायचे. अशी जाड पानांची पुष्कळ ऑर्किडे दिवसा पानांवरची छिद्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात श्वासासाठी उघडतात. ओलावा वाया जाऊ नये म्हणून. गरिबीतला इतका नेटका संसार मी माणसांत फार थोड्या घरी पाहिला आहे.

झाडाचा रस ते पीत नाही याचा पुरावा कुणालाही पाहता येतो. वठलेल्या फांदीवरचे ऑर्किड फांदी कुजून पडेपर्यंत फुलत राहते. त्याला झाड हवे असते ते उंचीसाठी, गाळून आलेल्या उन्हासाठी, वाहत्या वाऱ्यासाठी, आणि खरखरीत, न सोलणाऱ्या सालीसाठी. ऐन, किंदळ, जुना आंबा यांच्या भेगाळ सालीवर ते सुखाने नांदते. निलगिरी दर वर्षी साल सोलून टाकते, तिच्यावर कुणाचे बिऱ्हाड टिकत नाही. तोही एक प्रकारचा घरमालक.

हा घोळ आजचा नाही. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा, जीवन्तिका ही नावे एका ओळीत, एकाच वनस्पतीची म्हणून दिली आहेत. वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी. 'वर उगवणे' आणि 'खाणे' हे दोन शब्द कोशात शेजारी बसले आणि समानार्थी होऊन गेले. त्यातला 'वन्दा' शब्द सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधल्या एका ऑर्किडसाठी उचलला, रॉबर्ट ब्राऊन यांनी 1820 मध्ये तो एका कुळाला दिला, आणि आज जगभरचे बागवान ज्या 'व्हॅंडा'चे लाड करतात त्या निरुपद्रवी फुलाला अशा रीतीने बांडगुळाचे संस्कृत नाव मिळाले आहे.

याच्या उलट मलबारातल्या लोकांची रीत पाहा. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेड याने तिथल्या वनस्पतींवर 'होर्तुस मालाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापवला. (रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी वैद्यांचा नागरी लिपीतला दाखला त्यात छापलेला आहे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.) त्याच्या बाराव्या खंडात आपली ही सीतेची वेणी 'अंजेली मारावारा' या नावाने येते. अंजेली हे फणसाच्या जातीचे झाड. ज्या झाडावर राहते त्याच्या नावाने ओळखायचे, जसे आपण 'देशपांड्यांच्या वाड्यातले कुलकर्णी' म्हणतो. या नावात आरोप नाही, पत्ता आहे. पुढे 1753 मध्ये लिनियसने या पुष्कळशा मंडळींना 'एपिडेन्ड्रम' या एकाच नावाखाली ठेवले, म्हणजे नुसते 'झाडावरचे'. तेही ठीकच.

इथवर शास्त्र झाले. मला जो प्रश्न पडला तो याच्या पुढचा आहे, आणि तो झाडांचा नाही.

माझ्या वडिलांची आत्या आमच्या घरी असे. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. सोळाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी वर्षाच्या आत माहेरी आणून सोडले, आणि पुढची साठ वर्षे ती भावाच्या, मग भाच्याच्या घरी राहिली. वाटणीच्या वेळी, सगळे माजघरात बसले असता, घरातलेच एक मोठे माणूस म्हणाले, "या बांडगुळाचा भार कोणाच्या वाट्याला घालायचा ते आधी ठरवा." आत्याआजी पडवीत तांदूळ निवडत होती. मध्ये दार नव्हते. तिने सूप खाली ठेवले नाही. खडे बाजूला टाकल्याचा टकटक आवाज तेवढा चालू राहिला. मी तेव्हा दहाबारा वर्षांचा असेन. त्या आवाजावर कुणी काही बोलले नाही.

वडील नंतर आम्हां भावंडांना सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज चढे, की या घरातली सात बाळंतपणे तिने काढली, आजोबांच्या अर्धांगात चार वर्षे तिने उशापायथा केला, आणि माझी कॉलेजची फी भरायला हातातल्या पाटल्या तिने मोडल्या. तेव्हा कोण कुणावर जगले? हा युक्तिवाद मला कितीतरी वर्षे बिनतोड वाटे. आजही तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण त्यात एक धोका आहे, तो मला तिच्या शेवटच्या तीन वर्षांत दिसला. तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती, माणसे ओळखत नव्हती, तिच्याकडून कसलेही काम होणे शक्य नव्हते. तिचा घरावरचा हक्क जर बाळंतपणांवर आणि पाटल्यांवर उभा असेल, तर तो जमाखर्च कधीतरी संपणार. सत्त्याहत्तराव्या वर्षी ती खरोखरच बांडगूळ झाली, असे कुणी म्हटले तर वडिलांच्या युक्तिवादात त्याला उत्तर नाही. कारण हिशेब मांडायचा हे त्यांनीही मान्य केलेले होते. तंटा फक्त बेरजेचा होता.

इथे मला ते झाडावरचे ऑर्किड उपयोगी पडते. आपण त्याची बाजू घ्यायला निघालो की पहिला मोह हाच होतो, की ते झाडाला काहीतरी देत असेल असे दाखवावे. थंडावा देत असेल, कीटक हटवत असेल. माझ्या वाचनात आले तेवढ्यावरून, आंब्याला सीतेच्या वेणीपासून सांगण्यासारखा लाभ नाही. ती आंब्याचे काही घेत नाही आणि त्याला काही देतही नाही. क्वचित एखाद्या पोखरलेल्या फांदीला तिच्या दाट जुडग्याचे ओझे होत असेल. एवढाच त्यांचा संबंध. आणि तरीही ती तिथे असण्यात काही चुकले आहे असे म्हणता येत नाही. जागा होती, ती तिने धरली. उपयोग नाही म्हणून अपराध आहे, असे होत नाही. उपयोगी आणि अपराधी या दोहोंच्या मध्ये केवढी तरी मोठी मोकळी जागा आहे, आणि लहान मुले, म्हातारी माणसे, आजारी माणसे, झोपलेली माणसे याच जागेत राहतात. कधी ना कधी आपण सगळेच.

याला उत्तर म्हणून मला आमच्या एका स्नेह्यांनी ऐकवले, "पण माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहायला नको का?" राहावे की. राहता येत असेल त्याने जरूर राहावे. पण हा उपदेश सरसकट करणाऱ्यांनी इंग्लंडातल्या बागवानांची गोष्ट ऐकावी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उष्ण प्रदेशातली ऑर्किडे जहाजांनी तिकडे जाऊ लागली. वनस्पती म्हटली की तिला माती हवी, आणि उष्ण देशातली म्हणून कोंडलेली ऊब हवी, अशा समजुतीने त्यांना कुंडीत रोवून तापवलेल्या काचघरांत बंद केले गेले. मुळे गुदमरून कुजली. हजारोंनी झाडे मेली. चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टनने 1830 च्या दशकात काचघरांत वारा खेळवला, उष्णता कमी केली, तेव्हा कुठे ती जगू लागली. पण मागणीचा वेग मोठा होता. जोसेफ हूकर 1850 मध्ये खासी टेकड्यांत होता. तिथे निळ्या व्हॅंडाची फुले ओकच्या रानात वाऱ्यावर झुलताना त्याने पाहिली, आणि क्यू येथील बागेसाठी सात माणसांना उचलावे लागेल एवढा माल गोळा केला. त्यांतली थोडीच झाडे जिवंत पोहोचली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. दुसऱ्या एकाने पाठवलेले एका माणसाचे ओझे मात्र, वाईट अवस्थेत पोहोचूनही, तीनशे पौंडांना विकले गेले. ज्याला हवेत मुळे आहेत त्याला मातीत उभे करणे हा उपकार नव्हे.

मुळांवरून आठवले. आमच्या या सीमेवरच्या मुलखात नवा माणूस भेटला की तिसरे वाक्य ठरलेले असते: "तुम्ही मूळचे कुठले?" आमच्या आळीत घरी कोकणी, दारात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी कितीतरी घरे आहेत. चार पिढ्या इथे गेल्या तरी त्यांना पणजोबांचे गाव सांगावे लागते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, मीही विचारतो. पण खरे मूळ ते जमिनीतच, हे त्या प्रश्नात गृहीत धरलेले असते. सालीला धरलेले मूळ हेही मूळच असते. ते ओढून पाहा, साल निघेल पण ते सुटणार नाही.

आता ऑर्किडची बाजू एवढी मांडल्यावर त्याच्याविषयीची एक गोष्ट लपवणे बरे नव्हे. ते अगदीच कुणाचे काही खात नाही, असे नाही. त्याच्या एका बोंडात लाखावारी बी असते, धुळीसारखे. नारळ आपल्या पिलाला खोबरे आणि पाणी देऊन पाठवतो, हरभरा दोन डाळी देतो, ऑर्किड काहीच देत नाही. ते बी वाऱ्यावर उडते, आणि लाखांतले एखादे अशा सालीवर जाऊन पडते जिथे एक विशिष्ट प्रकारची बुरशी आधीच नांदत असते. बुरशीचे तंतू बियात शिरतात, आणि तो सूक्ष्म जीव ते तंतू पचवून वाढू लागतो. पहिले हिरवे पान येईपर्यंतचे त्याचे सगळे बालपण बुरशीच्या जिवावर जाते. फ्रान्समध्ये नोएल बर्नार्ड याने 1899 मध्ये हे प्रथम ओळखले. 1922 मध्ये अमेरिकेतल्या लुईस नडसन याने बुरशीऐवजी साखर घातलेल्या काचेच्या नळीत बी रुजवून दाखवले, आणि ऑर्किडचा आजचा व्यापार त्यातून उभा राहिला. बुरशीला या व्यवहारात काय मिळते यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

म्हणजे ज्याच्यावर संशय होता त्या झाडाचे त्याने काही घेतले नाही, आणि ज्याचे घेतले त्याच्याकडे कुणी पाहिलेच नाही. मला हे फार ओळखीचे वाटते. घराण्याच्या जमाखर्चात आत्याआजीच्या नावावर साठ वर्षांचे दोन वेळचे जेवण मांडले गेले. त्या घराला ज्यांनी नांगरून, पेरून जेवायला घातले त्यांच्या नावाचा कागदच नव्हता. निवाडा देणारे ते मोठे माणूसही कुळांच्या घामावर जेवत होते. बांडगूळ कोण हे ठरवायला बसले की बोट नेहमी डोळ्यांसमोर लोंबणाऱ्याकडे जाते, सालीच्या भेगेत काय चालले आहे तिकडे नाही.

मग 'कुणाचेही काही न घेता जगावे' ही कसोटीही टिकत नाही, कारण तसे जगलेला कुणी नाही. आपल्या जुन्या लोकांनी हे ओळखले होते असे वाटते. तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की ब्राह्मण जन्मतो तोच तीन ऋणे घेऊन: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. त्यातली 'ब्राह्मण' ही अट मला मान्य नाही. ऋण जन्मणाऱ्या प्रत्येकाचेच आहे. पण ते फेडण्याची जी रीत सांगितली आहे ती विचार करण्यासारखी आहे. पितरांचे ऋण फिटते ते अपत्याने. ज्याने दिले त्याला परत करायचे नाही, पुढच्याला द्यायचे. दोन माणसांच्या मध्ये वही ठेवून हे खाते बंद होत नाही. आत्याआजीने वडिलांची फी भरली. वडिलांनी ती तिला परत केली नाही, आमची भरली. तिच्या शेवटच्या आजारपणात तिचे सगळे करत होती ती माझी आई, जिला तिच्याकडून पाटलीतला गुंजभरही मिळाला नव्हता.

त्या परिचितांना मी एवढे सगळे सांगत बसलो नाही. शेंड्याचे खरे बांडगूळ दाखवले, ऑर्किडचे एक मूळ सालीवरून नखाने थोडे उचकटून आत काही गेलेले नाही हे दाखवले. त्यांनी चश्मा पुसून पाहिले आणि माणूस शेंड्यावर चढवला. (बांडगुळाचीही बाजू घेता आली असती. त्याच्या फुलांतल्या मधावर शिंजीर जगतात. पण एका दिवसात एकच खटला.)

घाटरस्त्यांवर मात्र असे दाखवून भागत नाही. रस्ता रुंद करायचा ठरले की खोडांवर रंगाने आकडे पडतात. झाडाची जात आणि घेर कागदावर चढतो. वर कोण राहते यासाठी रकाना नसतो. एका झाडाच्या बदल्यात इतकी रोपे लावू, असे वचन दिले जाते, आणि कधी कधी ती लावलीही जातात. त्या रोपांची साल गुळगुळीत असते. तिला भेगा पडायला, भेगांत धूळ साचायला, त्यात ती बुरशी यायला माणसाचे एक आयुष्य लागते.

अशा तोडलेल्या ओंडक्यांची रास मी एकदा जूनमध्ये पाहिली. आंब्याची पाने कधीच वाळून गळून गेली होती. खालच्या एका ओंडक्याच्या कुशीला, आडवी होऊन, सीतेची वेणी पूर्ण फुललेली होती. झाड मेल्याचे तिला अजून कळलेले नव्हते, आणि तिच्या ठिपक्यांवर एक माशी फिरत होती. ट्रक भरणाऱ्यांपैकी एकाने ती खुडली, क्षणभर हातात धरली, आणि ड्रायव्हरच्या काचेपुढे गणपतीच्या तसबिरीला अडकवली.